मी वाचलेलं, तिनं सांगितलेलं

मी सुरतेजवळच्या उधन्याच्या मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालो. खानदेशातून सुरतेत आलो तेव्हा इतरांसारखं कापडाच्या लूमवरच लागायचं ठरलं होतं. पण डी.एड. झालेलं होतं, शाळेत जागा निघाली, आणि कारखान्यात जाणाऱ्यांच्या वस्तीत खडू हातात धरणारा मी एकटा राहिलो. गल्लीत त्याचा मान होता. कोणाचा फॉर्म भरायचा असो, गुजरातीतलं पत्र वाचून घ्यायचं असो, नाहीतर टीव्हीवर दिसणारी लढाई कोणात आणि कशावरून चाललीय हे विचारायचं असो, लोक माझ्याकडे येत. या शेवटच्या प्रश्नाची मी वाटच बघायचो.

रोज सकाळी चहा झाला की मी बायकोला पेपर वाचून दाखवायचो. ती पोळ्या लाटत असायची. मी वाचायचो, मध्ये थांबून समजवायचो, भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी टेकवायचो. ती 'हं' म्हणायची. तव्यावरची पोळी उलटताना एक 'हं' आणि डब्यात ठेवताना एक. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. ती ऐकतेय की नाही याचा मी कधी फार विचार केला नाही. माझं बोलणं व्हायचं, तेवढं मला पुरत होतं.

निवृत्तीनंतर सुनेने माझ्या फोनवर पॉडकास्ट ऐकायची सोय करून दिली. सून घरीच कॉम्प्युटरवर साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं काढते आणि काम करताना कानात काहीतरी लावून बसते. तिच्यामुळे मला एक खजिनाच सापडला. युक्रेन, गाझा, सुदान, निर्वासितांच्या छावण्या, कामगारांचे हक्क, कुठल्या देशातल्या बायका कापडावर कोणती नक्षी काढतात आणि का. हिंदीतलं ऐकायचो, मराठीतलं ऐकायचो. दोनशे पानी वही केली, त्यात टिपणं काढली. वही भरत आली तसं मला वाटायला लागलं की ही माणसं सांगतात ते मी यांच्याहून चांगलं सांगेन.

सुनेने माइक मागवला. मी तीन भाग रेकॉर्ड केले. पहिला युक्रेनवर होता आणि त्याची सुरुवात मी हजार वर्षांपूर्वीच्या राजांपासून केली, कारण पाया कच्चा ठेवून चालत नाही. दुसऱ्या भागात निर्वासितांबद्दल बोललो. आपणही गाव सोडून सुरतेला आलो, म्हणजे आपणही एका अर्थी निर्वासितच, असं एक वाक्य मी त्यात फार जमवून लिहिलं होतं. तिन्ही भाग ऐकणारे मिळून अकरा जण झाले. त्यात माझा मुलगा धरला आहे, आणि त्याने अर्ध्यातच सोडलं होतं. एक जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला. "सर, ठेवलंय बाजूला, सुट्टीच्या दिवशी निवांत ऐकतो," म्हणाला. मी माइक खोक्यात घालून कपाटावर ठेवला.

दुपारी आमच्या ओट्यावर सात-आठ बायका धागा कटिंगला बसतात. एम्ब्रॉयडरीच्या साड्यांचे गठ्ठे येतात, मागचे लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची. हात चालू, तोंड चालू. बायको त्यांच्यात वर्षानुवर्षं बसत आलेली. त्या दुपारी मी बँकेतून लवकर परतलो आणि गल्लीच्या वळणावरच लक्षात आलं की आज ओट्यावर एकच आवाज आहे. बाकीच्या गप्प आहेत. तो आवाज माझ्या बायकोचा होता.

"रेल्वेखालचं गरनाळं पाण्याने भरलं की रिक्षावाला काय करतो?" ती विचारत होती. "फेऱ्याने जातो. वेळ लागतो, आणि भाडंही जास्त सांगतो. तसंच ते जहाजांचं झालंय. लाल समुद्रातून जायची भीती वाटते, म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जातात. मग माल महाग पडतो. मग तिकडचा व्यापारी म्हणतो, थांब, आत्ता नको. मग इकडे शेठ म्हणतो, गठ्ठे कमी आले."

हे तिने असं शुद्ध नाही सांगितलं. अहिराणीत सांगितलं. मी इथे माझ्या भाषेत लिहिलंय, आणि लिहितानाच कळतंय की त्यातली निम्मी गंमत उडाली. तिने मांडीवरची साडी पसरली होती. काठ म्हणजे किनारा, पदर म्हणजे आफ्रिका. कात्रीच्या टोकाने ती जहाज फिरवत होती. आठवड्याभरापूर्वी मी तिला हेच पेपरातून वाचून दाखवलं होतं. नकाशावर पट्टी ठेवून. रुळांखालच्या रस्त्याचा, त्या गरनाळ्याचा, दाखला मात्र माझा नव्हता.

मी आत गेलो. कोणी वर पाहिलंही नाही.

सून खिडकीत उभी होती. फोन खिडकीच्या गजाला टेकवून ती ते रेकॉर्ड करत होती. माझ्याकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. माझ्याच घरात.

संध्याकाळी तिने ते घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते धुळ्याला गेलं, नंदुरबारला गेलं, इथे सुरतेतच कोसाडला माझ्या मेहुणीकडे गेलं. "आईंचा अजून एक टाका," असं सगळीकडून यायला लागलं. सुनेने कपाटावरचं खोकं काढलं. "अण्णा, माइक नाहीतरी पडूनच आहे ना?" तिने विचारलं. मी म्हणालो, घे की. आणखी काय म्हणणार होतो?

पॉडकास्टचं नाव ठेवलं 'दुनियानी गोट', म्हणजे जगाची गोष्ट. अहिराणीतलं हे 'नी' गुजरातीतही तसंच असल्यामुळे शेजारच्या गुजराती बायकांना ते आपलंच वाटलं. दर गुरुवारी एक भाग. पंधरा मिनिटं, ओट्यावरच, कात्र्यांच्या आवाजासकट. सुरुवात ठरलेली नव्हती, पण ती बहुतेक वेळा म्हणायची, "ऐका व बहिनीस्वन, मी सातवी शिकेल शे, चुकनं तर सांगा."

मला आधी बरं वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्या दिवसापासून मला ते टोचत होतं. मी स्वतःची समजूत काढायचो की माहिती तर आपलीच आहे. ती बोलते ते सकाळी मी वाचलेलं असतं. विहीर माझी, पोहरा तिचा. हे मी एकदा मुलालाही बोलून दाखवलं. तो पॅंटला इस्त्री करत होता. "हो ना," म्हणाला आणि इस्त्री करत राहिला.

मग मला दुसरीच एक गोष्ट टोचायला लागली. ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला घरात अहिराणी बोलू द्यायचो नाही. मास्तरच्या घरात 'शे' आणि 'व्हतं' नको, उद्या मुलं शाळेत तसंच बोलतील, असं माझं म्हणणं. ती चुकली की मी तिथल्या तिथे दुरुस्त करायचो. मग ती माझ्याशी बेताचं बोलायला लागली, जेवढं अचूक येतं तेवढंच. मला वाटायचं हिला बोलायची आवडच नाही. आणि ही बाई ओट्यावर आठ जणींना कामावर हसवत होती, मध्येच गप्प करत होती, आणि एखादीच्या डोळ्यांना पदर लावायला लावत होती. इतकी वर्षं माझ्या वाट्याला 'हं' आलं होतं.

एक दिवस भाजीबाजारात एका बाईने मला थांबवलं. वांगी निवडत होतो. "तुम्ही गोटवाल्या मावशीचे मालक ना?" तिने विचारलं. मी म्हणालो, मी शाळेत मास्तर होतो. ती म्हणाली, "असं का? मावशीला सांगा, मी कामरेजहून माल घेऊन येते, टेम्पोत तेच ऐकते." तिने चार वांगी जास्त घातली. मावशीसाठी. मी ती घरी आणून स्वयंपाकघरात ठेवली आणि कोणी दिली ते सांगितलं नाही.

मग मी पेपर वाचून दाखवणं बंद केलं. डोळे दुखतात असं कारण दिलं. चहा झाला की पेपर घेऊन आतल्या खोलीत जायचो आणि मनातल्या मनात वाचायचो. बघू आता काय सांगते गुरुवारी, असं स्पष्ट शब्दांत माझ्या मनात यायचं. तिने दोन दिवस विचारलं, "डॉक्टरकडे जाऊ या का?" तिसऱ्या दिवशी विचारलं नाही. सुनेने तिला स्वयंपाकाच्या ओट्यावर फोन लावून दिला. पोळ्या लाटताना ती आता थेट पॉडकास्ट ऐकायला लागली, मी ऐकायचो तेच. पण ती ओट्यावरच्या बायकांनाही विचारायला लागली. एकीचा भाऊ हिरे घासतो. लढाईमुळे त्याच्या कारखान्यात रशियाचा कच्चा हिरा यायचा कमी झाला, सुट्ट्या वाढल्या, त्याने घरात कोणाशी बोलणंच सोडलं, हे त्या बाईने एका गुरुवारी सांगितलं. बायको मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी फक्त इतकं म्हणाली, "लढाई म्हणजे नुसता बॉम्ब नाही. एक माणूस घरात बसून भिंतीकडे बघतो, तीही लढाईच." माझ्याशिवाय तिचं काही अडलं नाही. उलट भाग जास्त चांगले व्हायला लागले.

त्यानंतर निर्वासितांवरचा भाग आला. मी आतल्या खोलीत पेपर उघडून बसलो होतो, एकही ओळ वाचत नव्हतो. ओट्यावरची एक बाई म्हणाली, आपलंही तसंच आहे मावशी, आपणही गाव सोडलं. मी कान टवकारले. हे तर माझं वाक्य. आता ती तेच पुढे नेईल असं वाटलं.

"नही व माय," बायको म्हणाली. "आपन कामसाठे उनूत. आपलं घर तठे शाबूत व्हतं. दिवाळीले जाई ऱ्हायनूत आपन. त्यासनं मांगे काहीच नही." आपण कामासाठी आलो, त्यांचं मागे काही उरलंच नाही, असं तिचं म्हणणं. कात्र्या थांबल्या. मग म्हणाली की दुसऱ्याच्या दुःखावर आपलं नाव घालू नये, ते त्याचं त्याला राहू द्यावं, आपण फक्त ऐकावं.

मी पेपर मिटला. माझं ते जमवून लिहिलेलं वाक्य किती पोकळ होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते माझं आहे हे माहीत नसतानाच तिने ते मोडलं होतं. तिने माझे भाग कधी ऐकलेच नव्हते, मीच तिला ऐकवले नव्हते. आजवर मला एक आधार होता, की बोलणं तिचं असलं तरी विचार माझा. तोही गेला. हा विचार माझा नव्हता. मला सुचलाही नसता.

भाग फोनवर आला त्या संध्याकाळी मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. तिने त्याच भागात सुदान आणि दक्षिण सुदान यांची गल्लत केली होती. मी फोनवर दुसऱ्या नावाने खातं उघडलं, 'एक जागरूक श्रोता'. आणि भागाखाली प्रतिक्रिया लिहिली. सुदान आणि दक्षिण सुदान हे दोन भिन्न देश आहेत. अशा गंभीर विषयांवर अडाणी व्यक्तीने बोलणे हा श्रोत्यांचा अपमान आहे. यास्तव प्रथम अभ्यास करावा. दोनदा वाचून बघितली, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि पाठवली. छातीत हलकं हलकं वाटलं. रात्री मात्र अर्धं ताट ठेवून उठलो.

पुढच्या गुरुवारी सून ओट्यावर म्हणाली, "आई, एक प्रतिक्रिया आलीय, वाचू का?" बायको म्हणाली, वाच. सुनेने वाचली. 'अडाणी' या शब्दावर ती जरा अडखळली, पण वाचली. बायका चिडल्या. बायकोने त्यांना थांबवलं. "बरोबर सांगितलंय त्या भावाने. दोन देश वेगळे आहेत, मी चुकले," ती म्हणाली. मग तिने दोन्ही देशांचं नीट सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "आज इतकंच." नेहमीपेक्षा खूप लवकर संपवलं.

बायका गेल्यावर ती आत आली. मी खुर्चीत होतो. तिने धाग्यांनी भरलेला पदर कोपऱ्यात झटकला, हात धुतले आणि माझ्यासमोर खाली बसली.

"तुम्हीच लिहिलं ना?" तिने विचारलं.

मी म्हणालो, कशावरून?

"आपल्या घरात 'यास्तव' दुसरं कोण म्हणतं?"

 नाही म्हणता आलं असतं, पण तिच्या डोळ्यांत बघून ते धाडस झालं नाही.

मग ती माझ्याशी अहिराणीत बोलली. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांनंतर पहिल्यांदाच. "माले समोर सांगता उनं नही का तुम्हले? मी अडाणी शे, हाई माले माहीत शे. तुम्हीच तर सांगतस रोज, न बोलता. पन ते तुम्ही बठ्ठा जगले सांगं."

सगळ्या जगाला, म्हणत होती ती. मी तिला दुरुस्त केलं नाही. "मला सहन होत नाही," एवढंच म्हणालो. "काय सहन होत नाही?" तिने विचारलं. मी म्हणालो, "लोक तुझं ऐकतात ते."

ती रागावली असेल असं वाटलं, पण तिचा चेहरा थकल्यासारखा दिसत होता. "मी तर तुमचं इतकी वर्षं ऐकलं," ती म्हणाली आणि भाजी चिरायला उठली.

पुढचे दोन गुरुवार भाग झाला नाही. ती बायकांमध्ये बसायची, धागे कापायची, पण बोलायची नाही. सुनेने विचारलं तर म्हणायची, घसा बसलाय. सुनेला सगळं कळलं होतं. तिने मला शब्दाने दुखावलं नाही, पण माझ्या चहाचा कप ती आता हातात न देता टेबलावर ठेवायची.

खरं तर मला हवं होतं तेच झालं होतं. ओटा गप्प होता. पण मला आतल्या खोलीत बसवत नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी एका बाईने थेट मलाच विचारलं, "मास्तर, मावशीला काय झालंय? त्या मेल्याने लिहिलं म्हणून सोडलं का त्यांनी?"

बायको खाली मान घालून धागे कापत होती. ती मला वाचवणार हे मला दिसत होतं. म्हणूनच मी बोललो. "तो मेला मीच," मी म्हणालो. "ते मी लिहिलं होतं."

सगळ्या गप्प झाल्या. वर्गात मी इतकी वर्षं उभा राहिलो, पण इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. त्यातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, "बायकोचा हेवा वाटला व्हय?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "माझ्या मालकाला माझ्या हातच्या भाकरीचा वाटायचा. त्यांना थापता यायची नाही म्हणून." एक-दोघी हसल्या. बायको हसली नाही. पण थोड्या वेळाने तिने सुनेला माइक आणायला सांगितलं.

तिने मला लगेच माफ केलं नाही. पुष्कळ दिवस ती माझ्याशी फक्त कामाचं बोलली, आणि तेही अहिराणीतच. मी पेपर वाचायला पुन्हा सुरुवात केली तेव्हा म्हणाली, "वाचा. पण समजवू नका. मला काय विचारायचं ते मी विचारेन." आता मी वाचतो, ती विचारते. तिचे प्रश्न अवघड असतात. ज्या बायका छावणीत राहतात त्या पाळीच्या दिवसांत काय करतात? तह झाला म्हणजे कोणी सही केली, आणि ज्यांची घरं गेली त्यांच्यातलं कोणी तिथे होतं का? निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझ्या वहीत नाहीत. मी शोधून आणतो. देशांची नावं, कोणाच्या शेजारी कोण, हे बघायचं काम आता माझ्याकडे आहे. भागाच्या शेवटी ती म्हणते, "गावं-देश मास्तरनी तपासेल शेत." ते ऐकायला मी खिडकीत उभा राहतो, हे कबूल करतो.

मध्यंतरी कोसाडच्या वसाहतीतल्या बायकांनी तिला बोलावलं. मीही गेलो, बसने. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मला मागच्या रांगेत जागा मिळाली. ती पुढे स्टुलावर बसून बोलली, घरच्यासारखीच. एका मुलीने काँगोतल्या खाणींबद्दल विचारलं. बायको म्हणाली, "हे मास्तर सांगतील, मागे बसलेत." सगळ्या माना वळल्या. मी उभा राहिलो. काँगोवर मला बोलता येतं. मी सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला समोरची एक बाई पिशवीतला मोबाइल चाचपायला लागलेली दिसली. मी उरलेलं दोन वाक्यांत संपवलं आणि खाली बसलो. एका बाईने टाळी वाजवली, बहुधा संपलं म्हणून.

परतताना बसच्या थांब्यावर तीन मुलींनी बायकोला गाठलं. त्यांना तिच्यासोबत फोटो हवा होता. त्यातल्या एकीने फोन माझ्या हातात दिला. "काका, काढता का?" बायको पदर सारखा करून मध्ये उभी राहिली. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते. स्क्रीनवर ती छान दिसत होती. फोन जरा वाकडा धरावा, तिचं डोकं कापावं, असं मनात आलं. अगदी खरं सांगायचं तर बोट क्षणभर थांबलं. मग मी दोन पावलं मागे गेलो आणि तिला नीट चौकटीत घेतलं.